कडीपाशी कुंभारीण

रत्नम्माच्या घरात कुठलीही माशी फार दिवस टिकत नसे. सोलापुरात उन्हाळा तापला की गांधीलमाश्या सावली शोधत घरांत शिरतात. कुणाच्या पाण्याच्या टाकीखाली, कुणाच्या गॅलरीच्या पत्र्याला पोळं लोंबायला लागतं आणि एरवी दांडगाई करणारी माणसं दाराआडून हातवारे करतात. रत्नम्मा हातवाऱ्यांच्या वाटेला जात नसे. दिवेलागणीला माश्या पोळ्यावर बसल्या की ती डोक्याला टॉवेल गुंडाळायची, फवारणीच्या बाटलीत साबणाचं पाणी भरायची आणि पोळं चिंब भिजवून खाली पाडायची. कुंभारणीसाठी तर तिला टॉवेलही लागत नसे. ती काळी, दोऱ्याएवढ्या कमरेची माशी कुणाला सहसा चावत नाही. भिंतीच्या कोपऱ्यात, फोटोच्या मागं ओल्या मातीचे गोळे थापून घर करते, एवढाच तिचा गुन्हा. रत्नम्मा उलथन्याच्या एका फटक्यात ते घर सुपलीत घ्यायची आणि चहाचं आधण ठेवायची.

तिची सगळी उमर प्रसूतिगृहात नर्स म्हणून गेलेली. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी पोरांना जगातला पहिला धपाटा तिनंच घातला होता. बाळाला दृष्ट लागत नाही, जंतू लागतात, हे तिनं इतक्या सासवांना सुनावलं होतं, की रिटायर झाल्यावरही गल्लीतल्या बायका तिला पाहून बाळाच्या गालावरची काजळाची तीट पदरानं पुसायच्या.

घर वरच्या मजल्यावर होतं. खाली नवऱ्याच्या हयातीतले माग होते. ते विकून शेड एका टॉवेलवाल्याला भाड्यानं दिली होती. त्याच्या यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर चालायचा आणि त्याची घराला एवढी सवय झाली होती, की लाइट गेली तरच माणसं दचकायची. वर राहायची तिघं. रत्नम्मा, मुलगा श्रीनिवास आणि सून ऋतुजा. ऋतुजा सांगोल्याची. श्रीनिवास ज्या कापडाच्या दुकानात होता तिथंच ती कामाला लागली आणि पुढं जे व्हायचं ते झालं. तेलुगू घरात मराठी सून आली म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली, तेव्हा रत्नम्मानं त्यांना एवढंच विचारलं होतं, की बाळंतपणात कळा कुठल्या भाषेत येतात?

एप्रिलच्या एका सकाळी मधल्या खोलीतली जळमटं काढताना तिला तुळईवर मातीचा गोळा दिसला. पाळणा टांगायची लोखंडी कडी त्या तुळईला होती, तिच्या अगदी शेजारी. रत्नम्मानं स्टूल ओढलं, उलथनं घेतलं.

"आत्या, थांबा." ऋतुजानं मागून तिचा पदर धरला. "ते मोडू नका."

"का गं?"

"कुंभारणीनं घर केलंय न्हवं. आमच्याकडं म्हणत्यात, ती बाळ घिऊन येती. बाळ हुईस्तवर तिच्या घराला हात लावत न्हाईत."

"आमच्यातपण म्हणतात की. लाल माती आणली तर मुलगी, काळी आणली तर मुलगा," रत्नम्मा म्हणाली. "मग मी कशाला नर्सिंग शिकले? कुंभारणीलाच ड्यूटी लावायची होती."

ऋतुजा हसली नाही. तिला सातवा लागला होता. याआधी दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा मध्येच सगळं संपलं. दुसऱ्या वेळी तर बाळंतविड्याची झबली शिवून तयार होती. दोन्ही वेळा रत्नम्मानंच तिचं सगळं केलं, तिच्या तोंडात घास घातला, आणि मग मोरीत नळ सोडून स्वतः रडून घेतलं. या खेपेला घरात कुणी झबल्याचं नावसुद्धा काढत नव्हतं. ऋतुजानं तिचा पदर अजून सोडला नव्हता. तिनं उलथनं खाली ठेवलं.

"राहू दे. पण पाळणा टांगायच्या आधी पाडणार हां मी."

त्या दिवसापासून कुंभारणीला घरात मोकळीक मिळाली. ती माती थापताना गुणगुणते, बारीक, एकसुरी. ऋतुजा कडीखालच्या कॉटवर पडून ते ऐकत राही. तिचा चेहरा निवळला, जेवण सुधारलं. भोळसट समजुतीनं का होईना, पोरगी हसायला लागली, म्हणून रत्नम्मालाही बरं वाटलं.

खटकली ती माती. ती लालही नव्हती आणि काळीही नव्हती. राखाडी, पांढुरकी होती आणि कायम ओली असायची. नळाला पाणी येऊन कितीतरी दिवस झाले होते, गल्लीतली गटारं कोरडी ठाक होती, गच्चीवरच्या कुंडीतली माती भेगाळली होती. ही बया ओली माती आणते कुठून? रत्नम्मा एका दुपारी खुर्ची टाकून पाहत बसली. कुंभारीण खिडकीकडं गेलीच नाही. तुळईवरून उठायची, आतल्या खोलीत जिथं ऋतुजा वामकुक्षी करत होती तिथं जायची आणि तोंडात ओला गोळा घेऊन परत यायची. रत्नम्मानं आत जाऊन पाहिलं. खिडक्या बंद, ऋतुजा कुशीवर निजलेली, कूलर चालू. कूलरच्या टाकीत तळाला गाळ असतोच. रत्नम्मानं स्वतःला तसं समजावलं आणि टाकी धुवायला काढली. टाकी स्वच्छ होती.

दुसरी गोष्ट तिला हातानं कळली. सोलापूरच्या उन्हात दुपारी भिंतसुद्धा पोळते. कोळिष्टक काढता काढता तिचा हात त्या मातीला लागला आणि तिनं तो मागं घेतला नाही. उलटा करून, मागची बाजू टेकवून पाहिला. उभ्या जन्मात तिनं अंगाला हात लावूनच ताप ओळखला होता. ती माती भिंतीइतकी तापलेली नव्हती. ताप नसलेल्या माणसाचं अंग असतं तेवढी, नेमकी तेवढीच ऊबदार होती. पहाटे भिंती निवल्यावर तिनं पुन्हा हात लावला. तेव्हाही तेवढीच.

रत्नम्माजवळ बाळाचे ठोके ऐकायची जुनी ॲल्युमिनियमची नळी होती, तुतारीसारख्या तोंडाची. मशिनं आली तरी तिचा विश्वास त्या नळीवर. दर दोन-तीन दिवसांनी ती ऋतुजाच्या पोटाला नळी लावायची, कान टेकायची आणि मान हलवायची. ते झालं की ऋतुजा उरलेला दिवस सुखात घालवायची.

एकदा अशीच नळी लावलेली असताना लाइट गेली. खालचे माग थांबले आणि घर एकदम मोकळं झालं. त्या शांततेत ठोके ठळक ऐकू यायला हवे होते. ते आले, पण फार लांबून. शेजारच्या घरात कुणीतरी काहीतरी कुटत असावं इतक्या लांबून. रत्नम्मानं नळीची जागा बदलली, ऋतुजाला कुशीवर वळवलं, पुन्हा ऐकलं.

"काय झालं, आत्या?"

"काही नाही. पाठीकडं वळलंय जरा. आळशी आहे, बापावर गेलंय."

दुसऱ्याच दिवशी ती तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी मशीन लावलं. बाळाची वाढ चांगली होती, पाणी चांगलं होतं. ठोके तेवढे अंमळ खोलातून येत होते, पण काळजीचं कारण नव्हतं. रत्नम्मानं ते ऐकून घेतलं. घरी आल्यावर ऋतुजा आंघोळीला गेली, श्रीनिवास दुकानात होता आणि लाइट पुन्हा गेलेली होती. रत्नम्माची नजर तुळईकडं गेली. आपण हे काय करायलोय, असं ती मोठ्यानं म्हणालीसुद्धा. मग स्टुलावर चढली, नळीचं रुंद तोंड मातीच्या घराला टेकवलं आणि कान लावला.

ठोके. भरभर, स्वच्छ, निरोगी. असे ठोके ऐकले की ती बाळंतिणीला सांगायची, बाई, आता निवांत झोप.

ती स्टुलावरून उतरली आणि कॉटवर बसून राहिली. बाथरूममध्ये ऋतुजा पाण्याचा आवाज करत होती, काहीतरी गुणगुणत होती. हे कुणाला सांगणार? सगळ्या पेठेला अंधश्रद्धेवरून झापलेली बाई ती. मुलाला सांगितलं तर तो तिलाच डॉक्टरकडं नेईल. सुनेला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. भीती वाटली, हे तिनं मनाशी कबूल केलं. आणि भीतीच्या खाली, तिला स्वतःलाच लाज वाटावी असा, एक आनंद होता. कुठं का असेना, बाळ धडधाकट होतं.

नववा लागला. डोहाळजेवणाच्या आधी घराला रंग द्यायचा म्हणून श्रीनिवासनं शाकीरला बोलावलं. शाकीर त्यांचा नेहमीचा रंगारी, रत्नम्माच्याच हातावर जन्मलेला. गॅलरीतली, जिन्यातली कुंभारणीची जुनी घरं त्यानं पत्र्यानं खरवडली. ती रिकामीच होती. मग तो मधल्या खोलीत शिडी लावून चढला.

"अम्मा, ये मट्टी काढतो मी. नाय तर रंग बसनार नाय."

रत्नम्मा गच्चीवर होती. त्याचा आवाज ऐकून ती जिन्यावरून जवळजवळ घसरतच खाली आली. "शाकीर, हात लावू नको तिथं."

तो दचकला आणि पत्र्याची कड मातीला घासली गेली. एक खपली उडाली. त्याच क्षणी स्वयंपाकघरात भांडं पडलं. ऋतुजा ओट्याला धरून खाली बसली होती, चेहरा पांढरा पडला होता. रत्नम्मानं तिला आतल्या खोलीत नेऊन आडवं केलं, पाहिलं. कपड्यावर रक्ताचा नखाएवढा ताजा डाग होता.

श्रीनिवास रिक्षा आणायला धावला. रत्नम्मा ऋतुजाचा हात धरून बसली, पण डोळे उघड्या दारातून तुळईवर. कुंभारीण ऋतुजाच्या उशाकडून उठून मधल्या खोलीत गेली. शाकीर शिडीवर तसाच उभा असताना तिनं त्याच्या नाकासमोर ती खपली उडालेली जागा लिंपायला घेतली. एक खेप, दुसरी खेप, आणखी एक. गुणगुण चालू होती. भोक बुजलं तेव्हा ऋतुजानं डोळे उघडले.

"थांबलं, आत्या," ती म्हणाली. "दुखायचं थांबलं."

डाग पुढं वाढला नाही. दवाखान्यातही सगळं ठीक निघालं. त्या परत आल्या तेव्हा शाकीर हात धुऊन दाराशी उभा होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून रत्नम्मा म्हणाली, "तुझी काही चूक नाही, बेटा. ती एक खोली सोडून दे."

"अम्मा, तूच म्हणायचीस ना, माती ती माती?" श्रीनिवास वैतागून म्हणाला.

"म्हणायचे. आता गप्प बस."

डोहाळजेवणाला आलेल्या बायकांनी ती बिनरंगाची खोली पाहिली, तिथल्या कडीशेजारचं मातीचं घर पाहिलं आणि एकमेकींना कोपरानं ढोसलं. नात-नातू म्हटलं की भलेभले नमतात, असं त्यांच्यातली एक म्हणाली. रत्नम्मानं ते हसून घेतलं. पोटाला नळी लावली तर आता काहीच ऐकू येत नव्हतं. ती रोज मान हलवायची आणि म्हणायची, छान आहे.

कळा दिवस भरायच्या आधीच, सकाळच्या चहानंतर सुरू झाल्या. श्रीनिवासनं पिशवी घेतली, रिक्षा बोलावली. रत्नम्मानं सुनेच्या केसांना तेल लावून घट्ट वेणी घातली, तिला जिन्यावरून हळूहळू उतरवलं आणि स्वतः फाटकात उभी राहिली.

"बसा की, आत्या."

"तू हो पुढं. मी घरी थांबते."

ऋतुजा पाहतच राहिली. "तुमी येत न्हाई? साऱ्या गावाची बाळंतपणं केलीसा, आन् माझ्या येळला..."

रत्नम्मानं तिचा हात हातात घेतला. या पोरीला पोटच्या पोरीसारखं जपलं आणि नेमक्या या घडीला तिचा हात सोडावा लागत होता. "तुझ्याचसाठी थांबायलेय, ऋतू," ती म्हणाली. "आज एवढं ऐक माझं." रिक्षा वळेपर्यंत ऋतुजा मागं बघत होती.

दुपारी श्रीनिवासचा फोन आला.

"अम्मा, ठोके लागेनात. दोन मशिनं लावली. ऑपरेशनला घ्यायलेत, पण डॉक्टर म्हणाल्या, मन घट्ट करा."

"श्रीनू, त्यांना म्हणावं, काढा लवकर. बाळ जिवंत आहे."

"तुला काय माहीत?"

"मी ऐकायलेय."

तिनं फोन ठेवला आणि जिना उतरून शेडमध्ये गेली. टॉवेलवाला बिडी विझवून उभा राहिला.

"माग बंद करा जरा," रत्नम्मा म्हणाली. "माझ्या घरी बाळंतपण आहे."

तो तिला ओळखत होता. काही न विचारता त्यानं मेन स्विच खाली ओढला.

वर येऊन तिनं कोपरापर्यंत हात धुतले. पाणी कोमट केलं, खोबरेल तेल घेतलं, जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा घेतला. स्टूल कडीखाली नीट बसवलं आणि नळी लावली.

ठोके होते, पण मंदावत चालले होते. एक ठोका. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

याचा अर्थ तिला कुणी शिकवायला नको होता. बाळ होईपर्यंत घर मोडायचं नाही, असं सगळे म्हणत आले होते. पण आतल्याला बाहेर यायचंय आणि दार उघडत नाही, अशा वेळी काय करायचं ते तिला ठाऊक होतं. फोडायचं नाही. ओढायचं नाही. दाराला मऊ करायचं.

कुंभारीण कडीवर बसली होती. तिचे पंख मिटलेले होते. ती गुणगुणत नव्हती.

रत्नम्मानं डावा तळवा मातीखाली धरला. उजव्या हाताचं बोट कोमट पाण्यात आणि तेलात बुडवून घराच्या बुजलेल्या तोंडाभोवती फिरवलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा फिरवलं. बाळंतिणींवर ती मराठीत ओरडायची, बाळांना मात्र तेलुगूत हाक मारायची.

"रा, नान्ना," ती म्हणाली. "रा. ये बाळा, ये."

माती ढिली पडली.

कड आतून किंचित फुगली.

तिनं जोर केला नाही. नुसता हात धरून ठेवला.

मातीचं झाकण तिच्या तळव्यावर आलं आणि त्यापाठोपाठ ऊब आली, ओली, भरभरून, मनगटापर्यंत. मग ती सरली.

घर रिकामं होतं. आत अळी नव्हती, किडा नव्हता, काहीच नव्हतं. भिंती घोटीव, गुळगुळीत. तिनं बोट आत फिरवून बाहेर काढलं. बोटाला पांढरा, लोण्यासारखा चिकट लेप आला होता. तो तिनं नुकत्या जन्मलेल्या हजारो बाळांच्या अंगावरून पुसला होता. तिनं वास घेतला. तोच होता.

कडीवर कुंभारीण नव्हती.

फोन वाजला. श्रीनिवासचा होता. त्याच्या मागं एक मूल टाहो फोडून रडत होतं.

रत्नम्मा स्टुलावरच बसली आणि या वेळी नळ न सोडता रडली.

मुलगी होती. वजन चांगलं, रंग गुलाबी. संध्याकाळी रत्नम्मा दवाखान्यात पोचली तेव्हा ड्यूटीवरच्या सिस्टर कौतुकानं सांगत होत्या, की एवढं कोरडं, स्वच्छ बाळ त्यांनी कधी पाहिलं नाही, टॉवेलला काही लागलंच नाही. ऋतुजा उशीवर डोकं टेकून पडली होती, दमलेली आणि इतकी सुंदर दिसणारी, की रत्नम्मानं आधी तिच्याच गालावरून हात फिरवला.

"रागावलीस माझ्यावर?"

"रागावले हुते," ऋतुजा म्हणाली. "आता न्हाई."

बाळ रडत होतं. पाजून झालं, जोजवून झालं, तरी थांबेना. रत्नम्मानं तिला दोन्ही तळव्यांवर घेतलं. नव्या आयांना ती एक गंमत दाखवायची. बाळाला असं धरायचं आणि आईला बाजूनं हाक मारायला सांगायचं. बाळ आईकडं मान वळवतं, कारण एवढे महिने आत राहून त्यानं तो एकच आवाज ओळखीचा केलेला असतो. ते पाहून बायका सगळ्या कळा विसरत.

"बोलव तिला, ऋतू."

"बाळा," ऋतुजानं हाक मारली. "ए माझी सोनुली. हिकडं बघ की."

बाळानं मान वळवली नाही. रत्नम्मानं बाळाचा दुसरा कान तिच्याकडं केला, अगदी तिच्या तोंडाशी नेला; ऋतुजा हाका मारत राहिली. बाळ रडतच राहिलं.

"दमलीय ती," रत्नम्मा म्हणाली. "उद्या बघू."

तेवढ्यात खिडकीच्या जाळीबाहेर गुणगुण सुरू झाली. बारीक, एकसुरी.

रडणं थांबलं. बाळाची मान हळूहळू खिडकीकडं वळली. इवलेसे ओठ विलगले आणि हवेत चोखायला लागले.

रत्नम्मानं तिला ऋतुजाच्या कुशीत ठेवलं आणि खिडकीशी गेली. जाळीवर काळी माशी बसली होती, दोऱ्याएवढ्या कमरेची.

"लावून घ्या की खिडकी, आत्या. ऊन यायलंय पोरीवर."

रत्नम्मानं काच ओढून घेतली. मागं बाळ किंचाळून रडलं. तिनं काच पुन्हा सरकवली. रडणं थांबलं. तिनं खिडकीच्या कडीवरचा हात काढला, उन्हापुरता पडदा ओढला आणि खिडकी तशीच उघडी ठेवली.

"बघा, माझ्या कुशीत आली आन् गप झाली," ऋतुजा म्हणाली. तिनं पोरीला आणखी जवळ ओढलं. पोरीनं मान पडद्याकडंच ठेवली होती.